‘टन’ ह्या प्रत्ययाची कुळकथा

व्युत्पत्तीचा छंद आपल्या सुशिक्षित वर्गात चांगलाच रुजलेला आहे. चार समानशील माणसे जेवणानंतर सुपारी कातरीत बसली आणि बोलण्याचा ओघ इंग्रजी शब्दांकडे वळला की ‘डॉटर’ म्हणजे ‘दुहिता’, ‘ब्रदर’ म्हणजे ‘भ्राता’, ‘नेम’ म्हणजे ‘नाम’ अशी माळ गुंफली जाते, आणि ती रास्तही असते. परंतु ह्या यशाने माणूस धीट होतो. आणि मग कोणीतरी ‘टाउन म्हणजे आपले स्थान’ असे ठोकून देतो. मंडळी माना डोलावतात. न्यूटन, वॉशिंग्टन, किंग्स्टन, ब्रायटन ही सारी ‘स्थाने’ ठरतात, व इंग्लंडचा नकाशा एका क्षणात संस्कृतोत्पन्न होऊन जातो.

ही व्युत्पत्ती चुकीची आहे. ‘स्थान’ ज्या ‘स्था’ धातूपासून झाले, त्या धातूची संतती इंग्रजीत विपुल आहे. ‘स्टँड’ हा त्याच कुळातला, आणि होमस्टेड, हॅम्प्स्टेड ह्यांतील ‘स्टेड’ही त्याच कुळातला. ह्या सर्वांत आरंभीचा ‘स’ शाबूत आहे. तो ‘टाउन’मध्ये कोठे गेला, ह्याचे उत्तर स्थानवादी देऊ शकत नाहीत. ध्वनिसाम्य पाहून नाते जोडणे म्हणजे नाकाचा शेंडा जुळला म्हणून वारसा सांगण्यासारखे आहे. पण नुसते खंडन करून आम्ही थांबलो असतो, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ‘टन’ची जी खरी कथा आहे, ती ह्या कल्पित कथेहून पुष्कळच रसाळ आहे, आणि तिच्यात युरोपच्या प्राचीन इतिहासाचे एक पान दडलेले आहे, ते पान दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेले आढळत नाही.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ‘टन’ हा मुळात प्रत्यय नव्हे. आपल्याकडील ‘पूर’, ‘गाव’, ‘वाडी’ ह्यांप्रमाणे ते समासाचे उत्तरपद होय. तथापि शेकडो वर्षे दुसऱ्याच्या आधाराने राहिल्यामुळे त्याचा स्वर झिजला, त्यावरचा आघात नाहीसा झाला, आणि ‘टून’ असे जे ऐटदार दीर्घ रूप होते ते ‘टन’ असे पुटपुटले जाऊ लागले. तोच शब्द स्वतंत्रपणे उभा राहिला तेथे मात्र त्याचे ‘टाउन’ झाले. म्हणजे ‘न्यूटन’मधील ‘टन’ आणि ‘टाउन हॉल’मधील ‘टाउन’ ही एकाच बापाची दोन लेकरे. एक पराश्रयी, एक स्वतंत्र.

आता ह्या ‘टून’चा मूळ अर्थ काय? जर्मानिक भाषांच्या चार घरी जाऊन चौकशी केली, तर चार निराळी उत्तरे मिळतात. जर्मन भाषेत तोच शब्द ‘त्साउन’ असा उच्चारला जातो व त्याचा अर्थ आहे कुंपण. डच भाषेत तो ‘टाउइन’च्या जवळपास उच्चारतात, आणि तेथे त्याचा अर्थ बाग. आइसलंडमध्ये ‘टून’ म्हणजे शेतकऱ्याच्या घराभोवतीचे खत घातलेले गवताचे रान. स्कॉटलंडच्या बोलीत ‘टून’ म्हणजे चारदोन घरांची शेतवस्ती. इंग्रजीत ‘टाउन’ म्हणजे नगर. कुंपण, कुंपणाच्या आतली बाग, घराभोवतीचे रान, वस्ती, नगर अशी ही पायरीपायरीने चढत गेलेली अर्थाची परंपरा आहे. मराठी वाचकास तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. त्यापासून आपला ‘वाडा’ व ‘वाडी’. कोकणात नारळी-पोफळीची वाडी असते, त्याच कोकणात माणसांचीही वाडी असते, गिरगावात फणसवाडी आणि कांदेवाडी असतात, आणि सावंतांची वाडी तर एका संस्थानाची राजधानी झाली. ‘टून’ आणि ‘वाडी’ ह्यांचे रक्ताचे नाते मुळीच नाही. परंतु माणसाने आधी जमीन वेढली आणि मग तिला घर म्हटले, ही गोष्ट टेम्सच्या काठी जशी घडली तशीच ती वाशिष्ठीच्या काठीही घडली.

मुंबईकर आपल्या शहराच्या दक्षिण भागाला आजही ‘टाउन’ म्हणतात. ज्या भागाला ते हे नाव देतात त्याचा गाभा म्हणजे जुना कोट, ज्याला अजून ‘फोर्ट’ हेच नाव आहे. त्याभोवतीचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडून टाकण्यात आला. तट गेला, पण वेढलेल्या जागेचे नाव राहिले. त्या कोटातला १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल तर अजूनही उभा आहे.

इंग्लंडात हा शब्द वस्तीच्या अर्थाने किती लवकर रूढ झाला, ह्याला एक चांगला पुरावा आहे. केंटचा राजा एथलबर्ट ह्याने इ.स. ६०० च्या सुमारास जे कायदे लिहवून घेतले, ते इंग्रजी भाषेतील सर्वांत जुने लेखन मानले जाते. त्यात राजाच्या ‘टून’मध्ये कोणी माणूस मारला तर ५० शिलिंग दंड, आणि सरदाराच्या ‘टून’मध्ये मारला तर १२ शिलिंग, असा भेद केलेला आहे. येथे ‘टून’ म्हणजे नगर नव्हे; कुंपणाने वेढलेली मालकाची वतनवाडी. मारला जाणारा मनुष्य तोच असला तरी तो कोणाच्या कुंपणात पडला, त्यावर त्याच्या मरणाची किंमत ठरे. ‘किंग्स्टन’ ह्या नावाच्या ज्या अनेक जागा इंग्लंडात आहेत, त्या ह्या राजाच्या वाड्यांच्या स्मृती होत.

पुढे ह्या प्रत्ययाने इंग्लंडचा नकाशा व्यापून टाकला. गावांच्या नावांच्या शेवटी येणाऱ्या सर्व पदांत हे सर्वाधिक आढळणारे. नॉर्टन उत्तरेचे, सटन दक्षिणेचे, वेस्टन पश्चिमेचे. प्रेस्टन म्हणजे पुरोहितांची वाडी, म्हणजे आपली बामणवाडी. मिल्टन नावाच्या बहुतेक गावांचा अर्थ मधली वाडी. न्यूटन म्हणजे नवी वाडी. तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा जो नियम आपण शाळेत घोकला, तो नवेगावकरांचा नियम होय, असे म्हणण्यास हरकत नाही. ब्रायटनचे नाव १०८६ सालच्या जमाबंदीच्या पुस्तकात एका लांबलचक रूपात आढळते. त्यात बेऑर्टहेल्म नावाच्या कोणा गृहस्थाचे नाव आहे, आणि लोकांनी ते झिजवून झिजवून दोन अक्षरांवर आणले. डरम परगण्यातील वॉशिंग्टन गावावरून एका कुळाला आडनाव मिळाले. त्या कुळातील एका पुरुषाच्या नावावरून १७९१ साली अमेरिकेच्या राजधानीचे नाव ठेवण्यात आले. तथापि कानावर विश्वास ठेवणाऱ्याने सावध असावे. लंडनमधील ब्रिक्स्टन हा ‘टन’ नव्हे, तो एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा ‘स्टोन’ म्हणजे दगड आहे. आणि स्कॉटलंडातील डंबार्टन हा तर पूर्ण फसवा आहे, कारण त्यातील खरा प्रत्यय शेवटी नसून आरंभी आहे. त्याचा अर्थ ‘ब्रिटनांचा दून’.

हा ‘दून’ म्हणजेच आमच्या कथेचा दुसरा नायक.

आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि फ्रेंच किनाऱ्यावरील ब्रिटनी येथे ज्या केल्टिक भाषा आज काहीशा धुगधुगीने जिवंत आहेत, त्या एके काळी युरोपच्या मध्यभागावर राज्य करीत होत्या. त्यांत ‘दूनोन’ म्हणजे गड. ‘गड’ हा मराठी शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. सह्याद्रीत गड म्हटला की तट आणि डोंगर ह्यांतला भेद बोलण्यात राहत नाही. तसेच ‘दूनोन’चेही होते. व्हिएन्ना येथील एका जुन्या हस्तलिखितात गॉल देशातील शब्दांचे लॅटिन अर्थ दिलेले आहेत, त्यात ‘दूनुम’चा अर्थ डोंगर असा सांगितला आहे, आयरिश भाषेत मात्र ‘दून’ म्हणजे तटबंदी. ही दोन्ही साक्षी खऱ्या धराव्यात.

रोमन लोकांनी ह्या शब्दाला आपले ‘दूनुम’ असे रूप दिले, आणि त्या रूपाच्या खुणा धरून गेले असता केल्ट लोकांचा विस्तार किती होता ते ध्यानात येते. लुग देवतेचा गड तो लुगदूनुम, इ.स.पू. ४३ मध्ये रोमनांनी तेथे वसाहत केली, आजचे लियाँ. ज्या व्हर्दून येथे ८४३ साली शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्य वाटून घेतले आणि १९१६ साली फ्रेंच व जर्मन सैन्यांनी दहा महिने एकमेकांना चिरडले, त्या नावातही तोच प्रत्यय स्पष्ट ऐकू येतो. इंग्लंडातील कॉल्चेस्टर हे कामुलोदूनुम, स्वित्झर्लंडातील टून हे नुसतेच दूनुम, बव्हेरियातील केम्प्टन हे कांबोदूनुम. पूर्वेकडे डॅन्यूबच्या काठी सिंगिदूनुम होते. तेच आजचे बेलग्रेड. तेथे पुढे स्लाव आले व त्यांनी ‘दूनुम’ काढून आपला ‘ग्राद’ बसविला. (‘ग्राद’ ऐकून ‘गड’ आठवण्याचा मोह वाचकांनी आवरावा; त्याचे सोयरिक इंग्रजी ‘यार्ड’शी व ‘गार्डन’शी आहे. तेथेही मूळ कल्पना वेढ्याचीच.)

ह्या सर्व नावांत आमचे आवडते नाव म्हणजे नोव्हियोदूनुम. ‘नोव्हियो’ म्हणजे ‘नव’. हा मात्र आपल्या ‘नव’चा सख्खा भाऊ. सीझरच्या गॉलयुद्धाच्या वृत्तान्तात ह्या नावाची तीन निरनिराळी नगरे येतात. त्यांपैकी एकात त्याने इ.स.पू. ५२ मध्ये ओलीस, धान्य, खजिना आणि घोडे ठेवले होते. हेदुई लोक, जे तोवर रोमचे मित्र म्हणवीत, त्यांनी तेथील पहारा कापून काढला, खजिना व घोडे वाटून घेतले आणि नगर रोमनांच्या हाती लागू नये म्हणून जाळून टाकले. जिनीव्हा सरोवराकाठच्या न्यों गावाचे मूळ नावही हेच. आता नोव्हियोदूनुम आणि न्यूटन ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. पूर्वपद एकच, उत्तरपदही एकच. एक केल्टिक तोंडातून आले, दुसरे इंग्रजी. सीझरने लुटवून घेतलेले नगर आणि केंब्रिजच्या त्या गणितज्ञाचे आडनाव ही अक्षरशः नामबंधू आहेत.

उत्तरपद एकच, असे आम्ही म्हटले. पण येथेच खरा वाद आहे. दून आणि टून हे एका आजोबाचे दोन नातू, की एकाने दुसऱ्याच्या घरून उसना आणलेला हा शब्द? ह्याचा निर्णय कानाने होत नाही, नियमाने होतो. डॅनिश पंडित रास्क ह्याने १८१८ मध्ये ज्याची चाहूल घेतली आणि याकोब ग्रिम ह्याने १८२२ मध्ये जो नीट मांडला, त्या वर्णपरिवर्तनाच्या नियमाप्रमाणे मूळ भाषेतील ‘द’ जर्मानिक शाखेत ‘ट’ होतो: दश, द्वि, दन्त ह्यांचे टेन, टू, टूथ. पुढे जर्मनने आणखी एक पाऊल टाकून त्याचा ‘त्स’ केला: त्सेन, त्स्वाय, त्सान. टून आणि त्साउन हे ह्याच साच्यातले. उलट मूळ ‘ध’चा इंग्रजीत ‘द’सारखा उच्चार होतो: विधवा आणि विडो, मधु आणि मीड. केल्टिक शाखेने मात्र ‘द’ आणि ‘ध’ हे दोन्ही एकाच ‘द’मध्ये मिसळून टाकले, म्हणून नुसते ‘दून’ पाहून त्याचा मूळ वर्ण कोणता होता ते कळत नाही.

पण जुन्या इंग्रजीत टेकडीला ‘दून’ असा आणखी एक शब्द होता. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी, हंटिंग्डन म्हणजे पारध्याची टेकडी. इंग्रजीतील ‘डाउन’ म्हणजे ‘खाली’ हे अव्ययही त्याचेच: मूळ प्रयोग ‘टेकडीवरून’ असा होता, पुढे ‘वरून’ गळाले आणि टेकडी तेवढी राहिली, म्हणजे उंचवट्याचा वाचक शब्द उताराचा वाचक झाला. हा ‘दून’ जर घरचा असेल, तर मूळ शब्द ‘ध’ने सुरू होत होता, आणि त्याचे रास्त इंग्रजी रूप हेच, मग ‘टून’ हे रूप घरात जन्मले नाही, ते केल्टांकडून आले, आणि ग्रिमचा नियम घडून येण्यापूर्वी आले, म्हणून त्याचा ‘द’ इतर ‘द’कारांबरोबर ‘ट’ झाला. काही विद्वान टेकडीवाचक ‘दून’लाही उसनाच मानतात, आणि मग ही साखळी काहीशी सैल पडते. तरीही ‘टून’ केल्टिकातून आला ह्या मताकडेच बहुतेकांचा कल आहे, व आमचाही कौल त्याच बाजूला आहे. कारण हा शब्द एकटा आलेला नाही.

त्याच्याबरोबर आलेली मंडळी पाहण्यासारखी आहेत. जर्मन ‘राइख’ म्हणजे राज्य. हे आपल्या ‘राज’चे नातलग खरे, लॅटिनमध्ये तो शब्द दीर्घ ‘ए’ने येतो, आणि जर्मानिक शाखेत त्या स्वराचे ‘ई’ होण्याचे काही कारण नव्हते. ते होते फक्त केल्टिकात. व्हर्सिंगेतोरिक्स, दुम्नोरिक्स, ओर्गेतोरिक्स ही सीझरच्या शत्रूंची नावे पाहावीत. त्यांतील ‘रिक्स’ म्हणजे राजा. तोच स्वर घेऊन तो राइन ओलांडून गेला, आणि फ्रीड्रिख, हाइनरिख, थिओडोरिक ह्या अस्सल जर्मन म्हणविणाऱ्या नावांच्या शेपटीला बसला. जर्मन ‘आम्ट’ म्हणजे कचेरी. तिचे मूळ सीझरने नोंदलेल्या ‘आंबाक्तुस’ ह्या गॉल शब्दात आहे. सरदाराच्या भोवती वावरणारा हुजऱ्या तो आंबाक्तुस. ह्याच हुजऱ्याच्या वंशात लॅटिन व फ्रेंचमधून फिरून ‘ॲम्बॅसडर’ जन्मला, जो नावापुरता २०१४ पर्यंत आपल्या मोटारींच्या कारखान्यातूनही बाहेर पडत असे. आणि लोखंड: इंग्रजी ‘आयर्न’, जर्मन ‘आयझन’, हेही केल्टिकच.

गड, राजा, हुजऱ्या, लोखंड. एका जमातीने दुसरीकडून हे चार शब्द घेतले, तर त्या दोघींत कोण वरचढ होते हे सांगण्यास बखर लागत नाही. आपण ‘जहागीर’, ‘फौज’, ‘किल्ला’, ‘दरबार’ कोणाकडून घेतले ते आपणास ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात कधीतरी, ज्यांच्याविषयी एक ओळही लिहिलेली नाही अशा शतकांत, जर्मानिक लोक केल्टिक सरदारांच्या शेजारी, काही ठिकाणी त्यांच्या अमलाखालीही, राहत होते. लोखंडाची हत्यारे, तटबंदी आणि राजपद ही त्यांनी तिकडे पाहिली. १९३३ ते १९४५ ह्या काळात ज्यांनी जर्मन रक्ताच्या आणि जर्मन वाणीच्या शुद्धतेचा डंका पिटला, त्यांनी आपल्या सत्तेला जे नाव दिले ते ‘राइख’. शेजाऱ्याकडून आणलेला शब्दच त्या शुद्धतेच्या ध्वजावर लिहिलेला होता. त्यांच्या विद्यापीठांतील भाषापंडितांना हे ठाऊक नव्हते, असे म्हणता यावयाचे नाही.

काळाने पुढे पारडे फिरवले. रोमनांनी गॉल जिंकला तेव्हा ‘दूनुम’ मेले नाही. त्यांनी ते आपल्या सम्राटाच्या नावाला जोडले आणि ऑगस्टोदूनुम वसविले, आजचे ओतँ. विजेत्याचे नाव आणि जितांचा प्रत्यय ही जोडी आपल्या परिचयाची आहे: पंजाबातील लायलपूर, ज्याचे १९७७ साली फैसलाबाद झाले, आणि झारखंडातील डाल्टनगंज, जे आता मेदिनीनगर म्हटले जाते. डाल्टन हे आडनाव मुळात एका गावाचे, ‘दरीतील टून’. तेव्हा कोयल नदीच्या काठी काही काळ केल्टिक गड आणि फारसी गंज एकाच नावात नांदले.

ब्रिटनमध्ये मात्र इंग्रजांनी प्रत्ययच बदलला. एडिंबरोचे जुने नाव दिन एडिन, एडिनचा गड. सातव्या शतकात अँगल लोकांनी ते घेतले, ‘दिन’ काढला आणि मागे ‘बर्ग’ लावला. पुढे एडविन राजाचे नाव त्याला चिकटवणारी कथाही तयार झाली. तिला आधार नाही. स्कॉटिश गेलिक भाषेत त्या शहराला आजही दून एडन म्हणतात, आणि १८४८ साली तिकडून निघालेल्या वसाहतकारांनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वसविलेले डनेडिन ते हेच. उत्तर बेटावर वेलिंग्टन आहे. अशा रीतीने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हे दोघे पुन्हा शेजारी आले.

डब्लिनच्या दक्षिणेस समुद्रकाठी एक जागा आहे, तिचे नाव दून लेरे. पाचव्या शतकातील आयर्लंडच्या लेरे राजाचा गड. (खुद्द डब्लिनचा दूनशी संबंध नाही, त्याचा अर्थ काळा डोह.) १८२१ साली इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज आयर्लंडच्या भेटीस आला व परत जाताना ह्या बंदरातून गलबतावर चढला. त्या प्रीत्यर्थ गावाचे नाव बदलून ‘किंग्स्टाउन’ करण्यात आले. केल्टिक राजाचा दून गेला आणि इंग्रज राजाचा टाउन आला. बदलणाऱ्यांपैकी कोणाला हे ठाऊक असण्याचा संभव नाही, की ते गडाच्या जागी गडच ठेवीत आहेत, आणि जो शब्द ते आयरिश लोकांवर लादीत आहेत तो त्यांच्याच पूर्वजांच्या भाऊबंदांकडून अडीच हजार वर्षांपूर्वी घेतलेला आहे. नव्याण्णव वर्षे ते नाव टपालाच्या शिक्क्यांवर आणि आगगाडीच्या वेळापत्रकांत वावरले. १९२० साली, इंग्रज अमल अजून पुरता उठला नव्हता तेव्हा, गावाने जुने नाव परत घेतले. ते आयरिश वर्णांतच लिहिले जाते, आणि त्यातील निम्मी अक्षरे कोणी उच्चारीत नाही; आयरिश बोलणारे ‘दून लेरे’ म्हणतात, इंग्रजी बोलणारे ‘डन लीरी’.